जुना राज्यमार्ग ७२ (सुरूर–वाई–महाबळेश्वर–पोलादपूर): अभ्यासफेरीसाठी सल्ला हवा

हळदपेठ, सांगली

नमस्कार मंडळी. आमच्या इतिहास मंडळाची एक फेरी ठरतेय. या वेळी किल्ला किंवा देऊळ नाही, रस्ताच बघायचा आहे. महामार्गावरच्या सुरूरपासून वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट आणि खाली पोलादपूर, असा जुना राज्यमार्ग ७२ सलग.

माणसं १४, त्यातली चार साठीच्या पुढची. सतरा सीटर ट्रॅव्हलर ठरवायचा विचार आहे. प्रश्न असे:

एका दिवसात होईल का? सुरूरकडून जावं की पोलादपूरकडून वर चढावं? कुठला महिना बरा? रस्त्याचा इतिहास दाखवणारं जागेवर काय काय शिल्लक आहे आणि ते ओळखायचं कसं? महाबळेश्वरचे पॉइंट, स्ट्रॉबेरी, बोटिंग यांची माहिती नको, ती सगळीकडे मिळते.

घाटमाथा

एका दिवसात नाही. सांगली–पेठ नाका–कराड–सातारा–सुरूर हेच १६० किमीच्या आसपास. पुढे सुरूर ते पोलादपूर ८० ते ८५. आल्या वाटेनं परतलात तर पाचशेला टेकाल, त्यात दोन घाट दोनदा. साठीच्या मंडळींना घेऊन हे करू नका. पहिला मुक्काम वाईला करा, म्हणजे सकाळी सातला ताजेतवाने रस्त्यावर.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण साताऱ्याकडून येणारे नव्वद टक्के लोक इथंच चुकतात. ड्रायव्हर सवयीनं आनेवाडी टोलनाका ओलांडला की पाचवडला डावीकडे वळतो आणि थेट वाईत जातो. वाईला जायचं तर तो रस्ता जवळचा, पण तुमच्या मार्गाचा पहिला तुकडा हुकतो. पाचवड सोडून, भुईंज सोडून, खंबाटकीच्या अलीकडे सुरूरपर्यंत पुढे जा आणि तिथून वाईकडे वळा. हा ११-१२ किमीचा सपाट पट्टा आहे, घाईत कंटाळवाणा वाटेल, पण वडाची झाडं तिथंच आहेत.

अंतरं ढोबळ धरा: सुरूर–वाई १२, वाई–पाचगणी १२, पाचगणी–महाबळेश्वर १९, महाबळेश्वर–वाडा कुंभरोशी (प्रतापगडाच्या पायथ्याचं गाव, नुसतं वाडाही म्हणतात) २० च्या आसपास, तिथून पोलादपूर तेवढंच किंवा थोडं जास्त. नुसतं गाडीत बसून साडेतीन तास. थांबत, उतरत, भिंती बघत गेलात तर आठ-नऊ.

महिना: ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबरची सुरुवात. दिवाळीची सुट्टी आणि शनिवार-रविवार टाळा, नाहीतर गुरेघर ते वेण्णा तलाव हा पट्टा पायी लवकर होईल. जून ते सप्टेंबर आंबेनळीचं नावच काढू नका.

जावळीखोरं

इतिहासाचं मी घेतो.

पहिली गोष्ट, हा एक रस्ता नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामासाठी झालेले तीन रस्ते नंतर एका क्रमांकाखाली आले. तुम्ही फेरी आखताना हे डोक्यात ठेवलंत तर कुठं उतरायचं ते आपोआप ठरेल.

महाबळेश्वरला पहिला गाडीरस्ता वाईवरून आला असं बहुतेकांना वाटतं. तो आला साताऱ्याहून, मेढा-केळघर बाजूनं. प्रतापसिंह महाराजांनी १८२० च्या दशकात तो करून घेतला. मग १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कम वर आला, १८२९ मध्ये डोंगरावरची जागा कंपनीनं घेतली आणि बदल्यात महाराजांना वाईकडचं खंडाळा गाव दिलं. पेठ वसली, तिचं नाव माल्कमपेठ. म्हणजे तुमच्या मार्गाचा मधला तुकडा, पठारावरचा, हा आधीच्या साताऱ्याच्या रस्त्याच्या शेवटाला जोडलेला आहे.

दुसरा तुकडा पसरणीचा. ही पुण्याकडून येणाऱ्यांची वाट. रेल्वे आल्यावर, म्हणजे १८८० च्या दशकात पुण्याच्या दक्षिणेला लोहमार्ग झाल्यावर, प्रवासी वाठार स्टेशनला उतरायचे आणि टांग्यानं वाईमार्गे वर जायचे. वाठार ते वाई सुमारे ३० किमी. आज वाठारला उतरून महाबळेश्वरला जाणारा माणूस शोधून सापडणार नाही, पण एके काळी थंड हवेचं दार तेच होतं.

तिसरा तुकडा कोकणात उतरणारा. आपल्याला आज वाटतं की मुंबईहून महाबळेश्वर म्हणजे पुण्यावरून. त्या वेळी मुंबईकर साहेब बोटीनं बाणकोटच्या खाडीतून सावित्रीत शिरून दासगावपर्यंत यायचा आणि महाडकडून घाट चढायचा. बॉम्बे पॉइंट हे नाव त्यातूनच पडलं. मुंबईकडे जाणारी जुनी वाट तिथून खाली उतरत होती.

आता खरी गंमत. नकाशा घेऊन बघा, महाबळेश्वरचं पठार आणि कोकण यांच्यात डोंगर एकदाच उतरत नाही. आधी पठारावरून कोयनेच्या खोऱ्यात उतरावं लागतं (वाडा, पार, जावळी हे सगळं कोयनेचं पाणलोट). मग एक खिंड ओलांडून दुसऱ्यांदा सावित्रीच्या खोऱ्यात. जुन्या काळात या दोन उतरणींना दोन वेगळे घाट होते. वरचा रडतोंडी, खालचा पारघाट. १६५९ मध्ये अफझलखान वाईहून जावळीत उतरला तो रडतोंडीनंच, असं परंपरेनं मानलं जातं. नावातच सगळं आलं. साहेबाच्या कागदात त्याचं 'रोटुंडा' झालं.

१८७६ मध्ये जो नवा घाट पुरा झाला त्याला तेव्हा फिट्झगेराल्ड घाट म्हणत. सेमूर फिट्झगेराल्ड १८६७ ते १८७२ मुंबईचा गव्हर्नर होता, त्याचं नाव. त्या घाटानं रडतोंडी आणि पारघाट दोन्ही मोडीत काढले. लोकांनी मात्र साहेबाचं नाव ठेवलं नाही. आंबेनळीच म्हणतात.

पाहण्याजोगं: वाडा कुंभरोशीच्या बाजूनं पार गावात जा, तिथं कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, अजून वापरात. प्रवाहाच्या वरच्या अंगाला खांब टोकदार घडवलेत, पाणी कापायला. खालच्या अंगाला तसे नाहीत. जुन्या वाटेचा हा एवढा धडधाकट पुरावा दुसरा नाही. प्रतापगडला वेळ मिळाला नाही तरी चालेल (गडवाले मला मारतील), पण पूल चुकवू नका.

मैलकुली

'ओळखायचं कसं' याबद्दल लिहितो.

किमीचा दगड. माथा हिरवा, खाली पांढरा म्हणजे राज्यमार्ग. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग, काळा किंवा निळा जिल्हा मार्ग, केशरी म्हणजे ग्रामसडक. दोन किमी दगडांच्या मध्ये छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ एवढंच. दर २०० मीटरला एक. दर पाचवा किमी दगड जरा थोराड असतो आणि त्यावर जास्त गावांची नावं असतात. फोटो काढायचा तर पाचव्याचा काढा.

दगडावरचा आकडा तुमच्या गाडीच्या मीटरशी जुळेलच असं नाही. वळण सरळ केलं, बाह्यवळण काढलं की खरं अंतर बदलतं, दगड मात्र जुन्या साखळीवर (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या जुन्या अंतरावर) उभे राहतात. दोन दगडांतलं अंतर ९०० मीटर भरलं तर समजा मध्ये कुठंतरी वळण कापलंय. तिथं उतरून आजूबाजूला पाहा, जुना तुकडा बहुधा झुडपात पडलेला सापडतो. रस्त्याचा इतिहास शोधायची याहून स्वस्त युक्ती नाही. आणि फलकावर ७२ सोडून दुसरा क्रमांक दिसला तर गोंधळू नका. राज्यमार्गांचे क्रमांक मधल्या काळात बदललेत, रस्ता तोच.

भिंती. घाटात दरीच्या बाजूला रस्ता पेलणारी भिंत बघायची, डोंगराच्या बाजूची नाही. जुन्या भिंतीत काळा घडीव दगड आडव्या थरांत बसवलेला असतो. सांध्यात चुना असेल तर नखानं खरवडला की पांढरी भुकटी येते. सिमेंट असेल तर राखाडी आणि नख लागत नाही. मधूनमधून मूठभर भोकं ठेवलेली दिसतील, ती मागचं पाणी बाहेर सोडायला. ती भोकं माती-गवतानं बुजली की भिंतीच्या मागं पाणी साठतं आणि भिंत पोट काढते. भिंत मधूनच फुगलेली दिसली तर तिच्यावर बसून डबा खाऊ नका. नवं काम लगेच कळतं: एक तर सलग काँक्रीट, नाहीतर तारेच्या जाळीत भरलेले दगड.

मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी काढणारे छोटे पूल. गाडी थांबवून मोरीच्या तोंडाशी उतरून बघा (पावसाळा सोडून, आणि काठी आपटत). कमान दगडी असेल तर काम जुनं. वर सपाट शिळा टाकलेली असेल तर तेही जुनंच. गोल सिमेंटचा पाइप असेल तर नवं. जुन्या मोरीला दोन्ही बाजूंनी सिमेंट लावून लांब केलेलंही सापडेल, म्हणजे तिथं रस्ता रुंद केलाय. कमान किती लांब आहे ते पावलांनी मोजा, जुन्या रस्त्याची रुंदी हातात येईल.

चढ. पसरणीचं गणित मंडळाला जागेवर करून दाखवा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर, पाचगणी सुमारे १,२९०. चढ ५७० मीटर, अंतर १२ किमी. म्हणजे २१ मीटर चाललं की १ मीटर वर. ही काही योगायोगाची गोष्ट नाही. भरलेली बैलगाडी विसास एकच्या आसपासचा चढ न थांबता ओढते, त्याहून उभा असेल तर मध्ये जोडबैल लावावे लागतात. घाटाला इतकी वळणं दिली ती तेवढ्यासाठी, देखाव्यासाठी नाही. आणि आजही डोंगरी मुलखातल्या रस्त्यांना आपल्याकडं शिफारस विसास एकचीच आहे. बैल गेले, माप राहिलं.

घाटमाथा

@मैलकुली, शेवटची ओळ झकास. भर एवढीच की हे गणित आंबेनळीला लावू नका. तिकडं पोलादपूर शंभर मीटरच्याही आत आणि वरची पेठ १,३५० च्या आसपास. ४० किमीनं भागलं तर तिसास एक येतो आणि घाट सोपा वाटतो. पण मध्ये वाड्याच्या आसपास बराच रस्ता सपाटीनं जातो, त्यामुळं प्रत्यक्ष उतार सरासरीपेक्षा कडक आहे.

पिवळी पाटी

गाडीचं मी बघतो. ट्रॅव्हलर चालेल, पण निघायच्या आदल्या दिवशी एवढं करून घ्या.

ब्रेक ऑइल कधी बदललं ते मालकाला विचारा. दोन वर्षं झाली असतील तर बदलूनच घ्या. हे तेल हवेतलं पाणी धरतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, आणि पेडल थेट खाली जातं. 'ब्रेक फेल' म्हणतात त्यातलं निम्मं हेच असतं.

उताराला गिअर: जो चढ ज्या गिअरला चढला असता, तो उतार त्याच गिअरला. आंबेनळीत बहुतेक दुसरा, मोकळं असेल तर तिसरा. न्यूट्रल अजिबात नाही. इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे महाभाग अजून आहेत. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग दगड होतं. ब्रेक सतत टेकवून धरायचा नाही. दाबा, वेग पडू द्या, पूर्ण सोडा.

ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला तर रुंद जागा बघून थांबा, वीस-पंचवीस मिनिटं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. हँडब्रेकवर भरवसा न ठेवता चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड उचला. रस्त्यात टाकून गेलेला दगड मागच्या दुचाकीवाल्याचा जीव घेतो.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे, उपकार नाही. वळणावर आपली बाजू सोडायची नाही, हॉर्न द्यायचा. धुक्यात मोठा लाइट लावला की पांढरी भिंत उभी राहते, बारीक लाइट ठेवा. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावू नका, वळायचं कळत नाही मागच्याला.

पसरणीत बुवासाहेब मंदिराच्या आसपास गाड्या एकदम थांबतात, माणसं हात जोडायला उतरतात. तिथं वेग आधीच कमी करा.

टाकी वाईतच भरा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवा, सकाळी पोटभर मिसळ खाऊन घाटात शिरू नका. सुटे पैसे ठेवा, पाचगणी-महाबळेश्वरला प्रवासी कराचा नाका लागतो.

रडतोंड्या

दिशेबद्दल कुणीच बोललं नाही. माझं मत: पोलादपूरकडून चढा. घाट केला तो कोकणातून वर यायला, तर त्याच क्रमानं बघा. खालून येताना प्रत्येक टप्प्याला हवा बदलते, झाडी बदलते, दगड बदलतो. आणि दरीच्या बाजूच्या ज्या भिंती @मैलकुली सांगतात त्या खालून येतानाच समोर दिसतात, वरून जाताना त्या तुमच्या चाकाखाली असतात.

पिवळी पाटी

भिंतीचं खरं. शिवाय चढताना ब्रेकला काम नाही, इंजिनला आहे, आणि इंजिन तापलं तर काटा आधी सांगतो. ब्रेक सांगत नाही. भरल्या ट्रॅव्हलरला चढच बरा.

जावळीखोरं

इतिहासाच्या बाजूनंही मान्य. पण मग सांगलीहून पोलादपूर गाठायचं कसं? कराड–पाटण–कुंभार्ली–चिपळूण–खेड करावं लागेल. तो काही उगाच वळसा नाही म्हणा. तोही जुना राज्यमार्गच, ७८ क्रमांकाचा, गुहागर–चिपळूण–कराड–जत–विजापूर. आता राष्ट्रीय महामार्ग १६६-ई झालाय. एकाच फेरीत हिरव्या माथ्याचा दगड आणि हिरव्याचा पिवळा झालेला दगड, दोन्ही बघायला मिळतील.

घाटमाथा

हे जमतं. कराडला सकाळी लवकर पोचा, कोयनानगरला चहा, कुंभार्ली उतरून चिपळूणला जेवण. पुढे खेड आणि कशेडी. बोगदा झाल्यापासून कशेडीचा जुना वळणाचा घाट टळतो. संध्याकाळी पोलादपूर किंवा महाडला मुक्काम. सांगलीहून २५० किमीच्या आसपास पडेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घाटाला लागा, दुपारी महाबळेश्वर, चारला पाचगणी, दिवस मावळायच्या आत पसरणी उतरून वाई. मग सुरूर, आणि तिथून महामार्गानं घरी. घरी पोचायला रात्रीचे अकरा. वाईत दुसरा मुक्काम केलात तर अधिक शहाणपणाचं.

एक तोटा आहे. पसरणी घाट संध्याकाळच्या उन्हात उतराल, ऊन मागून येईल, धोमकडचं खोरं आणि वाईजवळचं कृष्णेचं पात्र सोनेरी दिसेल, आणि मंडळातला प्रत्येक जण थांबायला सांगेल. वळणावर थांबू नका.

हळदपेठ, सांगली

सगळ्यांचे आभार. पोलादपूरकडून चढायचं पक्कं. अजून दोन शंका. ऑक्टोबरमध्ये आंबेनळी उघडा आहे की नाही हे खात्रीनं कसं कळणार? आणि आमच्यातल्या एका काकांना विचारायचंय की हा घाटच का सारखा ढासळतो, पसरणी का नाही?

मैलकुली

काकांना सांगा: पाऊस आणि दगड.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पाऊस. १९ किमी पूर्वेला पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. खाली वाईत तर हजाराच्याही आत. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना दोन वेगळे मुलूख. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात साडेपाचशे मिमीच्या वर पडला, म्हणजे वाईचा बराचसा पावसाळा चोवीस तासांत. त्या वेळी आंबेनळीत नुसत्या दरडी आल्या नाहीत, घाटातल्या मेटतळे गावाच्या बाजूला रस्ताच जागोजाग वाहून गेला आणि घाट बरेच दिवस बंद राहिला.

आता दगड. पठाराच्या माथ्यावर जांभा, त्याखाली काळा कातळ थराथरांनी. जांभा स्पंजासारखा पाणी पितो. ते पाणी खाली झिरपतं आणि कातळाच्या थरावर आलं की आडवं वाहतं, दोन थरांच्या मध्ये तांबडी चिकण माती असते तिथून बाहेर पडतं. ती माती भिजली की वरचा सगळा बोजा घसरगुंडीवर बसल्यासारखा. घाट खोदताना आपण डोंगराचा पाय कापलेला असतोच.

धोका ओळखायच्या खुणा: डोंगरातून येणारं पाणी नेहमी स्वच्छ असतं ते अचानक गढूळ झालं, रस्त्यावर ताजे मुठीएवढे खडे पडलेले दिसले, किंवा डांबरावर दरीच्या बाजूनं रस्त्याला समांतर लांब भेग गेली. आडवी भेग असली तर डांबर खराब. लांब उभी भेग असली तर खालची जमीन निघालीय. तशी दिसली की डोंगराच्या बाजूनं गाडी काढायची आणि फोटो न काढता पुढं जायचं. आणि बाजूपट्टीवर जेसीबी उभा दिसला तर समजा, मागच्या आठवड्यात तिथं काहीतरी आलं होतं.

रडतोंड्या

घाट उघडा आहे का याचं उत्तर: घाट सातारा आणि रायगड दोन जिल्ह्यांत आहे, बंदीचा आदेश कुठल्याही एका बाजूनं निघू शकतो. एकाच जिल्ह्याची बातमी बघून निघालेले अर्ध्यातून परत फिरतात. दोन्हीकडचं बघा. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे आदल्या संध्याकाळी महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर फोन लावून विचारा की महाडची गाडी आज आंबेनळीतून गेली का. 'घाट चालू आहे का' असं विचारू नका, त्याला 'हो चालू असेल' असंच उत्तर येतं. गाडी गेली का, हे विचारा. एसटी जात असेल तर तुमचा ट्रॅव्हलर जाईल.

वडाची_पारंबी

सुरूर–वाई पट्टा सगळ्यांनी भरकन संपवला म्हणून लिहिते.

तिथले वड पेरलेले नाहीत, रोवलेले असणार. जुन्या पद्धतीत मांडीएवढ्या जाड फांद्या पावसाळ्याच्या तोंडावर कापून सरळ खड्ड्यात उभ्या करत. वडाची फांदी मुळं धरते. बियाण्यापासून सावली यायला जे पंचवीस वर्षं लागतात ते दहा-बारावर येतं. बैलगाडीच्या रस्त्याला सावली ही चैन नव्हती, उन्हाळ्यात बैल धापा टाकत थांबतो तेव्हा गाडीवानाला ती लागायचीच.

बघायचं काय तर खोडाची रांग. रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा रुंद केला असेल तर दोन्ही रांगा डांबरापासून सारख्या अंतरावर. एका बाजूचे वड डांबराला चिकटलेले आणि दुसऱ्या बाजूचे लांब शेताकडे असतील तर रुंदीकरण एकाच अंगाला झालं. एखाद्या बाजूला रांगच नसेल तर कारण सांगायला नको. रुंदीकरणात इथले वड तोडण्यावरून बराच वाद झालाय, म्हणून जे उभे आहेत त्यांची आताच मोजदाद करून घ्या. छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून घेर मोजा, जवळचा किमी दगड आणि बाजू लिहा. चौदा माणसं आहात, चार जोड्या केल्यात तर तासाभरात बराच पट्टा होईल. खोडावर गेरू-चुन्याचे पट्टे असतील, काही झाडांवर रंगानं क्रमांकही. तो क्रमांक वहीत उतरवून घ्या.

पसरणी गाव घाटाच्या पायथ्याला आहे, शाहीर साबळ्यांचं गाव. तेवढं ट्रॅव्हलरमध्ये गाणाऱ्यांना सांगून ठेवा.

जावळीखोरं

कागदाचं राहिलं. निघायच्या आधी १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमधलं रस्ते-घाटांचं प्रकरण वाचून काढा, इंग्रजीत आहे पण भाषा सोपी. नावं मात्र उच्चारून वाचा. डोळ्यांनी वाचलं तर ओळख पटत नाही, तोंडानं म्हटलं की गाव समोर येतं.

सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे मागायचे तर क्रमांक ४७ जी/५ (पोलादपूर), ४७ जी/९ (महाबळेश्वर), ४७ जी/१३ (वाई). नवीन नकाशांना वेगळे क्रमांक आहेत, म्हणून मागताना जुना क्रमांक आणि गावाचं नाव दोन्ही सांगा. जुन्या नकाशात रडतोंडीची पायवाट तुटक रेघेनं दिसते का ते बघा आणि आजच्या मोबाइल नकाशाशेजारी ठेवा.

साठीच्या मंडळींना रडतोंडीत उतरवू नका हे वेगळं सांगायला नको. मेटतळ्याजवळ रस्त्यावरूनच तिची उतरण कुठल्या सोंडेवरून जाते ते दाखवा. बाकी तरुणांना हवं तर वेगळ्या दिवशी, वाटाड्या घेऊन.

हळदपेठ, सांगली

काकांना उत्तर पोचवलं. त्यांचा उलट प्रश्न आलाय: पारच्या पुलापर्यंत ट्रॅव्हलर जाईल का, की वाड्यालाच ठेवायचा?

पिवळी पाटी

गावरस्ता अरुंद आहे. समोरून एसटी किंवा ट्रॅक्टर आला तर सतरा सीटरला मागं घ्यावं लागेल, आणि मागं घेताना बाजूपट्टी ऑक्टोबरपर्यंत मऊच असते, चाक बसतं. ट्रॅव्हलर वाड्यालाच लावा, तिथून जीप सांगा. दोन खेपांत चौदा जण होतील. ज्येष्ठांना पहिल्या खेपेत पाठवा, म्हणजे बाकीचे येईपर्यंत त्यांना पुलावर निवांत बसता येईल. आणि जीपवाल्याला परतीची वेळ आधीच ठरवून सांगा, खोऱ्यात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.